सध्या एक चालू आहे

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अर्जात ‘निवृत्तीपूर्वीचा व्यवसाय’ असा रकाना आहे. जागा बोटभर. बँकेतली माणसे तिथे ‘बँक’ लिहून चहाला जातात. भाऊंनी आणखी एक कागद मागितला.

भाऊ म्हणजे कोणी एकच माणूस नव्हे. वसई-विरारच्या दर दुसऱ्या चाळीत नाहीतर सोसायटीत एक भाऊ असतोच. ‘काय भाऊ, सध्या काय?’ असे आपण विचारावे आणि ‘सध्या एक चालू आहे’ असे त्यांनी म्हणावे. ते ‘एक’ म्हणजे काय, हे मात्र विचारू नये. विचारणाऱ्याला ते भागीदार करून घेतात. मी दोनदा झालो आहे.

आमच्या भाऊंचा श्रीगणेशा मोगऱ्याने झाला. पहाटेच्या लोकलच्या लगेजडब्यातून वाडीतल्या टोपल्या दादरच्या फुलबाजारात न्यायच्या. मोगरा विकायचा तो कळीत. गाडी खाडीपुलावर रखडली, की इकडे कळी उमलायची आणि तिकडे भाव मिटायचा. पुढे सुकेळी. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, एवढेच काम. पण त्या वर्षी ऐन वाळवणीत पाऊस आला. नातेवाइकांना भाऊंनी जे वाटले, त्याचे नाव आजवर ठरलेले नाही. मग मिठागरावर गोणी मोजण्याचे काम धरले, तर पाऊस तिथेही आला.

पगाराची नोकरी आयुष्यात एकच, बोरिवलीची. विरार लोकलमधून बोरिवलीला उतरणाऱ्याचे जे आदरातिथ्य होते, ते महिनाभर सोसून त्यांनी राजीनामा दिला. कारण लिहिले ‘प्रकृती’. खोटे नव्हते. दोन बरगड्या साक्षीला होत्या.

त्यांचा सुवर्णकाळ म्हणजे एसटीडी बूथ. रंगानेही पिवळाच. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा आणि बूथपुढे आख्खी आळी रांग लावायची. गाव जितके लांब, तितके माणूस मोठ्याने बोलते. कोणाचा मुलगा आखातात चिकटला, कोणाचे लग्न मोडले, हे भाऊंना न विचारता कळे. एवढा कच्चा माल वाया कसा घालवायचा? बूथच्या काचेवर ‘वधू-वर सूचक’ अशी पाटी लागली. 2003 साली मोबाइलवरचे इनकमिंग फुकट झाले आणि बूथला कुलूप लागले. जुळवलेली तीन लग्ने मात्र अजून टिकून आहेत. भाऊंचा दुसरा कुठलाही धंदा इतका टिकला नाही.

मग फ्लॅट दाखवणे आले. गॅलरीतून मिठागर दिसले की भाऊ त्याला ‘सी व्ह्यू’ म्हणत. गिऱ्हाईक हसे. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, रस्त्यांतून गुडघाभर पाणी फिरले, तेव्हा भाऊंनी त्यातल्या एकाला मुद्दाम फोन केला, ‘दिसला ना सी?’ आणि उन्हाळ्यात, त्याच इमारतीचे नळ कोरडे पडले की, टँकर कोण पाठवी? भाऊच. मधल्या काळात जीवदानीच्या पायऱ्यांवर लिंबूसरबतही विकून झाले. जितक्या पायऱ्या वर, तितका दर वर, असा हिशेब होता. पण माल वर चढवताना तहान भाऊंनाच लागे.

या प्रत्येक धंद्याची व्हिजिटिंग कार्डे छापलेली आहेत, दर खेपेला एक हजार. उरलेल्या गठ्ठ्यांवर वहिनींच्या फ्रिजचा एक पाय उभा आहे. ती कार्डे मी एकदा चाळली. जुन्यावर ‘नगर परिषदेसमोर’ असा पत्ता. 2009 मध्ये चार नगर परिषदा आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा तो पेनाने सुधारलेला. 1 ऑगस्ट 2014 ला जिल्हा फुटला, म्हणून ‘जि. ठाणे’ खोडून ‘जि. पालघर’. घर तेच, दारावरचा कंदील तोच. लोक म्हणतात, भाऊंना एका जागी टिकता आले नाही. मला हे पटत नाही. भाऊ जागचे हललेच नाहीत, जागाच हलत राहिली. वाडीच्या जागी इमारत आली, तर मोगरेवाल्याने फ्लॅट दाखवू नये तर काय करावे?

वहिनींचे मत वेगळे आहे. त्यांनी पस्तीस वर्षे शिवणयंत्र चालवले. त्यांच्या अर्जातला तो रकाना एका शब्दात भरला.

भाऊंचा कागद दोन्ही बाजूंनी भरला. खाली ‘निवृत्तीची तारीख’ होती, ती त्यांनी कोरी ठेवली. मग संघाच्या टेबलावरचे उरलेले अर्ज उचलून ते दाराशी खुर्ची टाकून बसले. चष्मा विसरलेल्यांना अर्ज भरून द्यायचे ते दहा रुपये घेतात. माझा चष्मा खिशातच होता, तरी माझ्याकडूनही घेतले.