तेविसाचा पाढा

दुबईत संसार थाटलेल्या मराठी माणसाकडे पाहुण्यांना तोटा नसतो. कुणी सोनं घ्यायला येतं, कुणी नोकरी शोधायला. पण मला मनापासून आवडतो तो लहान मुलांना घेऊन मॉल बघायला आलेला बाबा. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, पाठीवर सॅक, पोटावर पासपोर्टची पिशवी, एका हातात थोरल्याचं मनगट आणि दुसऱ्या हाताने ढकललेली बाबागाडी. तिच्यात पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची पिशवी बसलेली असते. जिच्यासाठी गाडी आणली ती धाकटी आईच्या कडेवर.

हा बाबा विमानतळावर उतरतो तोच तेविसाचा पाढा म्हणत. दिरहमचा भाव! दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, तो जागचा हलत नाही. हलायचं काम आपला रुपया एकटा करतो. त्यामुळे पूर्वी आलेल्यांचं अठराच्या पाढ्यावर भागलं, पुढे येणारे पंचविसाचा पाठ करून येतील. मॉलमध्ये पंचवीस दिरहमची कॉफी दिसली की बाबाचे ओठ क्षणभर हलतात आणि तो खाडकन थांबतो. "वहिनी, पावणेसहाशेची कॉफी! तुम्ही इथे जगता कशा हो?"

दुबई मॉलला जायचं ते मेट्रोने. तिथे पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट नाही. आपल्या एसटीत अर्ध्या तिकिटाचं वय आलेली मुलं वर्षानुवर्षं "आत्ताच पाचवं लागलंय" असतात, त्या संस्कारातला आपला बाबा. सात वर्षांच्या थोरल्याकडे तो एकदा आशेने बघतो. पण थोरला आपलं वय, इयत्ता आणि तुकडी खणखणीत आवाजात सांगणारा निघतो. डब्यात बसल्यावर आई चकलीची पिशवी सोडते. मेट्रोत खाल्लं तर 100 दिरहम दंड, हे मी सांगायचा अवकाश, बाबा पिशवीवर झडप घालतो. "तेवीसशेची चकली! ठेव आत!"

स्टेशनापासून मॉलपर्यंत सुमारे 800 मीटरचा गार पूल आहे आणि त्यावर सरकते पट्टे. बहुतेक मुलांची दुबई इथेच पूर्ण होते. पट्ट्यावर चढायचं, टोकाला उडी मारून उतरायचं, उलटं पळत मागे यायचं, पुन्हा चढायचं. "अरे, पुढे केवढं काय काय आहे!" असं बाबा ओरडत राहतो. मुलांना ते खरं वाटत नाही, आणि माझ्या मते त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नसतो.

मॉलमध्ये बाराशेच्या वर दुकानं. बाबा त्यांतल्या एकातही शिरत नाही. तो थेट मत्स्यालयाशी जातो. आत बोगद्यातून जायला तिकीट आहे. पण जवळजवळ 33 मीटर रुंद आणि 8 मीटरहून उंच अशी पाऊण मीटर जाडीची पारदर्शक भिंत मॉलच्या रस्त्यावरून फुकट दिसते. "मासे तेच आहेत," बाबा मुलांना समजावतो, "आतून बघितले काय, बाहेरून बघितले काय!" टाकीत एक कोटी लिटर पाणी, हे कळल्यावर मात्र त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याच्या पुण्याच्या सोसायटीत उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो. "म्हणजे हजार टँकर," तो पुटपुटतो, "आणि तेही माशांना."

तेवढ्यात धाकटी काचेला जीभ लावते. आई ओढते, धाकटी भोकाड पसरते. डोक्यावरून शार्क जात असतो. थोरला त्याच्याकडे पाठ करून उभा असतो. कारण मागून फरशी पुसणारं यंत्र येतंय. खाली गोल ब्रश गरगरतायत, वर पिवळा दिवा फिरतोय आणि त्यावर बसून एक माणूस ते चालवतोय. "बाबा, मला त्या गाडीत बसायचंय." शार्कसाठी इतक्या लांब आलेल्या बापाने यावर काय बोलावं?

मॉलचे आद्य पुरुष व्हिक्टर ग्रूएन. मूळचे व्हिएन्नाचे वास्तुविशारद. 1956 साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये त्यांनी पहिला बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभा केला. आत शिरलेला माणूस भुलतो, कशासाठी आलो ते विसरतो आणि भलतंच घेत सुटतो, या प्रकाराला त्यांचंच नाव पडलं आहे. पण ग्रूएनसाहेबांना आमचा पाहुणा भेटला नव्हता. जो मुळात काहीच घ्यायला आलेला नाही, तो विसरणार काय?

खेळण्यांच्या दुकानापाशी मात्र या बाबाची खरी परीक्षा. दोनशे दिरहमचा, डरकाळी फोडणारा डायनासोर थोरला छातीशी धरतो. बाबा पाढा म्हणतो आणि घाम पुसतो. मग एकेक अस्त्र बाहेर निघतं. "हा लक्ष्मी रोडला मिळतो." "विमानात याला बसू देत नाहीत." शेवटी, "दुकान बंद झालंय बाळा." दिवे लखलखत असतात, विक्रेती हसत उभी असते. आई एक शब्द बोलत नाही. तिने आपल्या पर्समधले दोनशे दिरहम आधीच काढलेले असतात.

त्यानंतर "बाबा, शू." ही हाक स्वच्छतागृहापासून सर्वांत दूरच्या ठिकाणीच येते. बाबा पोराला उचलून धावतो आणि परतताना हरवतो. सगळी दुकानं सारखी, सगळ्या वाटा गोल. फोनवर म्हणतो, "मी घड्याळांच्या दुकानासमोर आहे." त्या मॉलमध्ये घड्याळांची दुकानं किती, हे त्याला कोण सांगणार?

आणि हाच माणूस निघायच्या आदल्या दिवशी हायपरमार्केटमध्ये वेगळाच होतो. ऑफिससाठी चॉकलेट, सोसायटीसाठी चॉकलेट, मेव्हण्यांना खजूर, वॉचमनला बाम. पाढा कुठल्या कुठे जातो. रात्री माझ्या वजनकाट्यावर बॅगा चढतात, चार किलो जास्त भरतात, आणि आईचे कपडे बाहेर निघतात.

तेव्हा असा बाबा तुमच्याकडे उतरणार असेल तर एवढं करा. मॉलला शनिवार-रविवारी नेऊ नका. पुलावरच्या पट्ट्यांसाठी तासभर वेगळा धरा. मुलांच्या मनगटावर आपला फोन नंबर पेनाने लिहा, आणि पेन हातात आहेच, तर बाबाच्याही.