उरलेल्या जागेतला विनोद

जुनी अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स मासिकं मी मागून वाचतो. पुढच्या पानांवर गंभीर मंडळी बसलेली असतात: ॲम्प्लिफायर, ऑसिलोस्कोप, सर्किटच्या आकृत्या. लेख रंगात आला की 'पुढे पान अमुक' अशी पाटी लागते आणि त्याचं शेपूट मागे जाहिरातींच्या गर्दीत जाऊन पडतं. शेपूट संपतं तिथं चार बोटं जागा उरते. ती कोरी सोडणं संपादकाच्या जिवावर येतं, म्हणून तिथं एक व्यंगचित्र बसतं.

'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' किंवा 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'चे १९५०च्या दशकातले अंक काढा. टीव्हीच्या पेटीतून मेकॅनिकचे नुसते पाय बाहेर. छपरावर अँटेनाला लोंबकळणारा नवरा. मेकॅनिक येण्याआधी स्वतःच हात चालवलेला यजमान, उरलेले स्क्रू पाठीमागे लपवत उभा. चित्रकाराला डोकं फारसं शिणवावं लागत नसणार. त्या काळच्या टीव्हीत वीसेक व्हॉल्व्ह; तापून तापून त्यातला एखादा जाणारच. तिकडे औषधांच्या दुकानातसुद्धा व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र ठेवलेलं असे. लोक घरून व्हॉल्व्ह उपटून पिशवीत भरून नेत. परत आल्यावर कुठला कुठं बसवायचा, इथून पुढचं चित्र आपोआप निघे. बायकांना यंत्रातलं काही कळत नाही, एवढ्याच भांडवलावर काढलेली चित्रं मात्र मी भराभर उलटतो. ती तेव्हाही कुणाला फार हसवत असतील, असं वाटत नाही.

खट्याळपणा वरूनच झिरपत आलेला. विज्ञानकथांचे ह्यूगो पुरस्कार ज्यांच्या नावानं दिले जातात, त्या ह्यूगो गर्न्सबॅकनी १९२९मध्ये 'रेडिओ-क्राफ्ट' काढलं. १९४८मध्ये त्याचंच 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' झालं. हे गृहस्थ एप्रिलच्या अंकात 'मोहम्मद युलिसिस फिप्स' या नावानं थापा मारत, त्याही अस्सल तांत्रिक भाषेत! मालकच असा, तर बाकीच्यांनी गंभीर का राहावं?

'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'चा सर्वांत मोठा विनोद मात्र मागच्या पानांत नव्हता. जानेवारी १९७५च्या मुखपृष्ठावर त्यांनी अल्टेअर ८८०० हा घरी जुळवायचा संगणक दिमाखात छापला. तो पाहून पॉल ॲलन बिल गेट्सकडे धावले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण न्यूयॉर्कला पाठवलेला मूळ नमुना वाटेतच गहाळ झाला होता आणि फोटोत होतं ते रिकामं खोकं. संगणकयुगाचा नारळ पोकळ डब्यावर फुटला, आणि तोही सरळ चेहऱ्यानं.

आता हे अंक स्कॅन झालेत. व्हॉल्व्हचा नंबर टाकला की पान क्षणात उघडतं. पेटीतून बाहेर आलेले पाय मात्र असे सापडत नाहीत. ते हवे असतील तर पानन् पान उलटायचं; आणि उलटताना मी हमखास अडकतो तो नॅशनल रेडिओ इन्स्टिट्यूटच्या जाहिरातीत. घरबसल्या टीव्ही दुरुस्ती शिका, फावल्या वेळात पैसे मिळवा, असं ते सांगतात. मला पटतंही. पण माझा फावला वेळ ही जाहिरात वाचण्यातच जातो.