कादंबरी पाहावी छापून

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, ही म्हण ज्याने रूढ केली त्याने पदरच्या पैशाने कादंबरी छापलेली नसावी. नाहीतर तिसरं कलम त्याने तिथेच जोडलं असतं. प्रकाशकाच्या दारी न जाता (किंवा जाऊन आल्यावर) स्वतःच पुस्तक काढणाऱ्या कादंबरीकाराकडे लोक दोन नजरांनी बघतात. हिशेबी माणसं या उद्योगाला आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात आणि समीक्षक त्याला हौस म्हणून सोडून देतात. मला दोन्ही निदानं चुकीची वाटतात. हे खरं तर घरचं कार्य आहे. लग्नघरच्या यजमानाला ‘यात सुटले किती?’ असं कोणी विचारत नाही, तसं ते यालाही विचारू नये. एवढं मान्य केलं की या जमातीच्या झाडून सगळ्या सवयींचा उलगडा होतो.

फर्म्याचंच बघा. पुस्तक १६ पानांच्या फर्म्यांत छापतात. कादंबरी १९३ पानांवर संपली, तर त्या एका पानापायी तेरावा फर्मा घ्यावा लागतो आणि मागे १५ पानं कोरी राहतात. व्यापारी माणूस मजकुरातून एक पान उडवील. स्वतंत्र लेखक १५ पानं भरतो. त्यातून ‘मनोगत’ जन्माला येतं, आणि त्याहून ऐसपैस असा ऋणनिर्देश. लग्नपत्रिकेत एका काकांचं नाव राहिलं तर पुढची दहा वर्षं बोलणं बंद होतं, हे ज्याला ठाऊक आहे तो ऋणनिर्देशात डीटीपी करणाऱ्यापासून बँकेतल्या सहकाऱ्यांपर्यंत कोणालाही वगळत नाही. कागद निवडताना तर हा माणूस बघण्यासारखा असतो. नॅचरल शेडचा नमुना अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून, डोळे किंचित मिटून, शालूचा पोत बघावा तसा चाचपतो. मुखपृष्ठाचे सहा नमुने होतात आणि नातेवाइकांचं मतदान होऊन सातवा ठरतो. या सगळ्या घाईत मुद्रितशोधन राहतं, आणि नायिका चौथ्या प्रकरणात ‘दीन’ ऐवजी ‘दिन’ होऊन बसते. पण भटजी मंत्र चुकले म्हणून कुठल्या मांडवात कोणी जेवायचं थांबलंय? आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकार फुकट देतं. साऱ्या कार्यात बिनपैशाची अशी ती एकच गोष्ट, त्यामुळे ती मिळाल्याची बातमी साखरपुड्यासारखी गावभर जाते. पुढे प्रकाशन समारंभ, शाल, श्रीफळ, पुस्तक अर्धं वाचून आलेले प्रमुख पाहुणे, आणि ‘सप्रेम भेट’ लिहून वाटलेल्या प्रती. हा उलटा आहेर घेऊन गेलेली माणसं सहा महिने अभिप्राय कळवत नाहीत. रुसवेफुगवे त्यातूनच सुरू होतात.

यावर कोणी म्हणेल, चेष्टा पुरे. मोठमोठ्यांनी हेच केलं आहे. केलं आहेच. आनंदाश्रमाचं व्यवस्थापन सांभाळणाऱ्या हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच क्रमशः दिली. व्हर्जिनिया वुल्फ आणि त्यांच्या यजमानांनी १९१७ मध्ये हातछपाईचं यंत्र घरच्या जेवणघरात बसवलं. पण माझ्या म्हणण्याला सगळ्यात भक्कम आधार देतो तो डिकन्स. ‘अ ख्रिसमस कॅरल’ त्याने १८४३ मध्ये स्वतःच्या खर्चाने काढलं, आणि काढलं ते पैसे मिळवण्यासाठीच. मग पुस्तकाच्या कडा सोनेरी हव्यात, चित्रांपैकी चार रंगीत हवीत आणि ती हाताने रंगवलेली हवीत, असं सुरू झालं. आतल्या बांधणीचा हिरवा कागद हाताला रंग सोडतो म्हणून तो बदलून पिवळा घेतला. आणि किंमत? पाच शिलिंग; शोभेला जेवढं खर्चलं त्या मानाने कमीच. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत ६,००० प्रती खपल्या. हजार पौंडांची आशा धरून बसलेल्या डिकन्सच्या हाती २३० पौंड आले. व्यापार म्हणून हा घोटाळा आहे. पण मांडवाच्या झालरीवर न बोलता खर्च करणारा आणि आचाऱ्याचं बिल बघून मटकन बसणारा यजमान म्हणून बघा, अगदी ओळखीचा माणूस दिसेल.

दुसरा आक्षेप पैशाचाच, पण आजच्या काळातला. अँडी वेअर या अमेरिकन माणसाने ‘द मार्शियन’ आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट दिली, मग ९९ सेंटला किंडलवर ठेवली. २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशनाने ती काढली आणि २०१५ मध्ये सिनेमा आला. ही हकिगत प्रत्येक स्वतंत्र लेखकाला तोंडपाठ असते. असणारच. लग्नाळू मुलांच्या प्रत्येक आईलाही अमेरिकेत स्थळ मिळालेली एक भाची ठाऊक असते. त्या भाचीमुळे कोणी मुलांची लग्नं करतं असं नव्हे, पण खर्चाची यादी वाचताना तिची आठवण धीर देते.

राहिला स्वातंत्र्याचा मुद्दा. ‘आम्हाला कोणाची कात्री नको,’ असं ही मंडळी म्हणतात, आणि इथे मात्र मला त्यांची खरोखर काळजी वाटते. कात्री एका संपादकाची चुकवली, पण मग डीटीपीवाला गावाला गेला की कादंबरी गावाला जाते, आणि वितरकाने निम्म्याच्या आसपास सवलत मागितली की मान डोलवावी लागते. छापखाना नको म्हणून मोबाइलवर क्रमशः लिहिणारे सुटले म्हणावं, तर ते नोंदणी विवाह करून रिसेप्शनला सातशे माणसं बोलावणाऱ्यांसारखे. ‘पुढचा भाग कधी?’ या एका प्रश्नाने त्यांची झोप उडते, आणि विसाव्या भागात मारलेला नायक वाचकांच्या आग्रहास्तव बाविसाव्यात शुद्धीवर येतो. पण यजमानाला स्वातंत्र्य लागतं तरी कशाला? सगळ्यांच्या हातापाया पडायचं, आणि शेवटी दारात उभं राहून ‘जेवून जा हं’ म्हणायचं, यातच त्याचं सुख.

म्हणून तर पहिल्या कादंबरीचे गठ्ठे दिवाणाखाली असतानाच दुसरीची बोलणी सुरू होतात. तिच्या पाचशे प्रती काढाव्यात की तीनशे, यावर घरात कडाक्याचा वाद होतो, आणि मध्येच कोणीतरी उठून, वाकून, टेप लावून दिवाणाखाली किती जागा उरली आहे ते मोजतं.