पाकिटाचे राज्य

सिंगापूरला पहिल्यांदाच आलेला मराठी पर्यटक भर दुपारी मॅक्सवेल फूड सेंटरमध्ये चिकन राइसची प्लेट घेऊन उभा राहतो आणि त्याला प्रगत राष्ट्राचे रहस्य कळते. टेबले रिकामी आहेत, पण मोकळी नाहीत. बहुतेकांवर टिश्यू पेपरचे एकेक पाकीट विराजमान आहे. मालक दूर कुठेतरी रांगेत. तरी पाकिटाला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे पाहून भरून येते. आपल्याकडे रुमालामागोमाग भांडणही आत शिरते.

आणि हे शहर काही भोळे नव्हे. च्युइंग गमच्या आयातीवर १९९२ पासून बंदी. मेट्रोत ड्युरियन फळ न्यायचे नाही. जेवून उठताना ट्रे परत नेऊन ठेवला नाही, तर २०२१ पासून तोही गुन्हा. नवी मोटार घ्यायची तर आधी सरकारी लिलावात दहा वर्षांचा परवाना मिळवा. मोठ्या गाडीसाठी तो २०२३ मध्ये दीड लाख सिंगापूर डॉलरवर गेला होता. एवढ्या काटेकोर राज्यात टेबलाचा ताबा मात्र एका पाकिटावर! नोंदणी नाही, मुद्रांक शुल्क नाही, साक्षीदार नाहीत.

इतकी उत्तम व्यवस्था जेवणापुरतीच का ठेवावी? पर्यटकाची नम्र सूचना अशी, की घरे, मोटारी, झालेच तर संसदेतल्या जागाही अशाच धराव्यात.

संसदेपुरती ही सूचना अंमळ उशिरा आली. पीपल्स ॲक्शन पार्टी तिथे १९५९ पासून सत्तेवर बसलेली आहे.