निरोपाच्या भाषणात हे बसत नाही

जानेवारी संपत आला की राज्यभर दहावीचे निरोप समारंभ सुरू होतात आणि राज्यभर एकच भाषण होतं. शाळा म्हणजे आमचं दुसरं घर, शाळेने आम्हाला घडवलं, सरांच्या रागातही माया होती. गाव बदलतं, माध्यम बदलतं, भाषण तेच राहतं. कारण ते मुलांनी लिहिलेलं नसतं.

वर्गशिक्षक ते तपासतात. पर्यवेक्षक दोन वाक्यं खोडतात. संस्थेच्या अध्यक्षांचं नाव सुरुवातीला येईल याची काळजी घेतली जाते. मग पहिल्या तीन नंबरांतली एखादी मुलगी ते पाठ करून म्हणते. तिला खरंच जे म्हणायचं होतं, ते कोणी विचारलेलंच नसतं.

यंदा हे चालणार नाही.

यंदाची बॅच कोणती, जरा हिशेब करा. फेब्रुवारी २०२६ मध्ये दहावीला बसणारी मुलं पाचवीत आली जून २०२० मध्ये. हायस्कूलचं पहिलं वर्ष आणि फाटकाला कुलूप. नवे सर दिसले ते मोबाइलवर, तेही ज्या घरात मोबाइल होता त्या घरात. भावंडं तीन आणि फोन एक असेल, तर आधी थोरल्याचा तास. वडील फोन घेऊन कामावर गेले की पाचवीचा वर्ग सुटला.

२७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग ठिकठिकाणी उघडले. मुंबईत तेही नाही. रुग्ण वाढले, पुन्हा बंद. ३ एप्रिलला सरकारने जाहीर केलं की पहिली ते आठवीची सगळी मुलं परीक्षेविना वरच्या वर्गात. त्या दिवसांत दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण वरच्या वर्गात गेलेल्या मुलाला खालच्या वर्गातलं शिकवायचं कोणी?

उत्तर आलं, सेतू अभ्यासक्रम. १ जुलैपासून ४५ दिवसांचा. शाळा तेव्हाही बहुतेक ठिकाणी बंद होत्या. म्हणजे ज्या मुलांकडे फोन नव्हता म्हणून सेतू हवा होता, त्यांच्यापर्यंत तो फोनवरूनच पोचायचा होता!

गावातली सहावी ४ ऑक्टोबरला उघडली. शहरातल्या सहावीला डिसेंबर उजाडला. जानेवारीत ओमायक्रॉन, पुन्हा कुलूप. धड, सलग शाळा मिळाली ती सातवीत. हायस्कूलच्या सहा वर्षांतली दोन अशी गेली.

ठरीव भाषणात ही दोन वर्षं कुठे आहेत?

पुढचंही ऐका. आठवीत पुस्तकं आली चार भागांत, प्रत्येक धड्याला जोडून वहीची कोरी पानं. दप्तराचं ओझं कमी व्हावं, हा हेतू चांगला होता. मुलं पुस्तकही आणत राहिली आणि वेगळ्या वह्याही. जानेवारी २०२५ मध्ये कोरी पानं काढून टाकायचं ठरलं. सुरू करताना समिती बसली असेल, बंद करतानाही बसली असेल. दप्तर ज्यांच्या पाठीवर होतं, त्यांना दोन्ही वेळा कोणी काही विचारलं नाही.

नववीत अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक. आधारवरचं नाव, पटावरचं नाव आणि जन्मतारीख जुळवण्यात शिक्षकांचे किती दिवस गेले, ते शिक्षकांना विचारा. ते दिवस मुलांच्या तासांतूनच गेले.

दहावीचं भूगोलाचं पुस्तक उघडा. पहिलाच पाठ क्षेत्रभेट. बाहेर जा, पाहा, प्रश्न विचारा, नोंदी करा, अहवाल लिहा. पुस्तक लिहिणाऱ्यांनी फार विचार करून हा पाठ पहिला ठेवला. बहुसंख्य वर्गांत क्षेत्रभेट बाकावर बसून झाली आणि अहवाल मार्गदर्शकातून उतरला. भारत आणि ब्राझीलची तुलना मुलं तोंडपाठ सांगतील. गावची नदी कुठे उगम पावते, हे दाखवायला वर्ग कधी नदीवर गेला?

विज्ञानाच्या दुसऱ्या भागात सजीवांतील जीवनप्रक्रिया आहेत. त्यात प्रजनन आहे, मासिक पाळी आहे. पंधरा वर्षांच्या मुलामुलींना दहावीच्या सगळ्या पुस्तकांत याहून गरजेचं दुसरं काही नाही. किती वर्गांत हा पाठ ‘घरी वाचून घ्या’ या तीन शब्दांत संपला, ते मुलांना माहीत आहे. मुलांना सगळंच माहीत आहे, अर्धं चुकीचं, कारण ते फोनवरून आलेलं आहे.

आणि श्रेणीचा विषय, जलसुरक्षा.

जलसुरक्षेचं पुस्तक चांगलं आहे. पाण्याचा ताळेबंद, पुनर्भरण, पाण्याची गुणवत्ता, उपक्रम. आता तोच वर्ग ओलांडून मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत चाला. नळ आहे? नळाला पाणी आहे? दाराला आतून कडी आहे? नसेल तर मुलींनी त्यावर काय उपाय शोधलाय, ठाऊक आहे? सकाळी घरून निघाल्यापासून पाणीच प्यायचं नाही. भर मार्चमध्येही नाही. पाळीच्या दिवसांत शाळेतच यायचं नाही. सहा वर्षांत बुडालेले असे दिवस कोणत्याही हजेरीपटात कारणासह नोंदलेले नाहीत. नुसती गैरहजेरी दिसते आणि वर पंचाहत्तर टक्के उपस्थितीची ताकीद.

हे एखाद्या मुलीने माईकवर सांगितलं, तर सभागृहात काय होईल? पाहुणे अवघडतील. अवघडू द्या. पाहुण्यांमध्ये अनेकदा सरपंच असतात, नगरसेवक असतात, संस्थेचे पदाधिकारी तर असतातच. नळ जोडून देऊ शकणारी माणसं शाळेत एकत्र बसतात, असे दिवस वर्षात मोजके. तो दिवसही आपण स्तुती ऐकण्यात घालवतो.

आता ग्रुप फोटो पाहा. पायऱ्यांवर चार रांगा, मधल्या खुर्च्यांवर शिक्षक. मुली साड्यांत, मुलगे नव्या शर्टांत. छान दिसतात. या फोटोत कोण नाही?

जून २०२० चा पाचवीचा पट काढा आणि फोटोशेजारी ठेवा. काही जणांची बदलीमुळे शाळा सुटली असेल, ते सोडा. बाकीचे?

बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कुटुंबांतली मुलं दिवाळीनंतर आईबापाबरोबर कारखान्याकडे जातात आणि परततात ती उन्हाळ्यात. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण सगळ्यांना ती पुरत नाही. मुलीला मागे कोणाकडे ठेवायचं, या काळजीपोटी तिचं लग्न उरकलं जातं. राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. पाचांत एक. पाचवीच्या हजेरीत ती होती. निरोपाच्या फोटोत ती नाही, आणि तिच्याविषयी एक वाक्यही नाही.

दुसरी गळती शाळेच्या आतली. शिक्षण हक्क कायदा वयाच्या १४ व्या वर्षी थांबतो, म्हणजे आठवीच्या आसपास. नववीत मूल आलं की त्याला धरून ठेवणारा कायदा नाही. आणि नेमकी तिथेच काही शाळांची चाळणी सुरू होते. कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावतात, समजावतात, ‘याला बाहेरून बसवा, १७ नंबर फॉर्म भरा.’

१७ नंबरच्या फॉर्मला दोष नाही. शाळा सुटलेल्या माणसाला पुन्हा दहावी देता यावी म्हणून तो आहे, आणि अनेक बायांनी, कामगारांनी त्यावर दहावी केली आहे. शाळेत रोज येणाऱ्या मुलाला शाळेबाहेर काढायला तो वापरणं ही लबाडी आहे. मे महिन्यात फाटकावर फ्लेक्स लागतो, निकाल १०० टक्के. शंभरातले किती नववीत वजा केले, ते फ्लेक्सवर नसतं.

तसाही या टक्केवारीवर किती विश्वास ठेवायचा? २०१८ चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ चा ७७.१०. वर्षभरात मुलं मठ्ठ झाली? भाषा विषयांतले तोंडीचे २० गुण काढले होते. ते परत आले आणि २०२० ला निकाल ९५.३० झाला. २०२१ ला परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५. एवढ्या आकड्यासाठी नववीतल्या एका मुलाला वर्गाबाहेर काढायचं?

कोणी म्हणेल, निरोपाच्या दिवशी ही रड कशाला? मुलांना शाळेविषयी प्रेम नसतं का?

असतं. भरपूर असतं. म्हणूनच खरं बोलू द्या म्हणतोय. कोविडच्या त्या दोन वर्षांत स्वाध्यायाच्या झेरॉक्स घेऊन वस्तीवस्तीवर फिरलेले शिक्षक या राज्यात आहेत. देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली पाच-पाच मुलं बसवून शिकवणाऱ्या बाई आहेत. कोणी पदरच्या पैशाने रिचार्ज मारून दिलं, कोणी फी भरली आणि वाच्यता केली नाही. ‘सर्व गुरुजनांचे आभार’ या एका ओळीत ही माणसं आणि वर्गात मोबाइल पाहत बसणारे एकाच मापाने मोजले जातात. पाठ केलेल्या स्तुतीने सर्वांत मोठा अन्याय चांगल्या शिक्षकांवर होतो.

पंचवीस वर्षांनी ही मुलं स्नेहमेळाव्याला येतील. फेटे बांधतील, शिक्षकांची मिरवणूक काढतील, बाकावर बसून हजेरी देतील आणि तेव्हा खरं बोलतील. कोणत्या सरांनी तोडलं, कोणत्या बाईंनी सावरलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र दहावी नापास झालेले बहुधा नसतील. त्यांचा नंबर कोणाकडे नसेल. पास झाला तोच बॅचचा?

मुख्याध्यापकांना तीन गोष्टी मागतो. तिन्हींना खर्च नाही.

मनोगतासाठी पाच मुलं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्यांचं बोलणं आधी तपासू नका. शेवटच्या बाकावरचं एक नाव निघालं, तर घाबरू नका. मुलं शिव्या देत नाहीत, तक्रार करतात, आणि तक्रार तोच करतो ज्याला अजून आशा आहे.

पाचवीचा पट त्याच दिवशी वाचून दाखवा. जे नाहीत त्यांच्या घरी दहावीची परीक्षा संपायच्या आत कोणीतरी जाऊन या. १७ नंबर फॉर्म खरा लागतो तो त्यांना.

आणि ऐकलेलं लिहून ठेवा. निरोप समारंभाची सगळी धावपळ नववीची मुलं करतात. त्यांना याच शाळेत, याच नळाखाली अजून एक वर्ष काढायचं आहे. दहावीने सांगितलेल्यातलं काय दुरुस्त केलं, ते त्यांना जूनमध्ये पहिल्या दिवशी परिपाठाला सांगा.