इन्सब्रुक कसे उरकावे

इन्सब्रुक नीट पाहायला चार दिवस हवेत, असे सांगणाऱ्यांच्या नादी लागू नये. आपल्या युरोप टूरमध्ये या शहराच्या वाट्याला जेवणाआधीचे दोन-तीन तास येतात. शिस्तीने वागल्यास त्यातही खरेदीला वेळ निघतो.

प्रथम सोनेरी छप्पर उरकावे. पत्ता विचारू नये. जुन्या गावात जिथे सगळे माना वर करून उभे असतील, तेच ठिकाण. मॅक्सिमिलियन सम्राटासाठी १५०० साली पुरा झालेला हा सज्जा. छपरावर २,६५७ पत्रे, आतून तांबे, वरून सोन्याचा मुलामा. ‘एवढंच?’ हा उद्गार मनातच काढावा. ग्रुपमधले एखादे काका सोन्याचे वजन अंदाजाने सांगतील, ते ऐकून घ्यावे. गाइडपेक्षा ते लवकर आटपतात.

मग दरबारी चर्चमधली सम्राटाची समाधी. भोवती माणसापेक्षा उंच असे २८ काळे ब्राँझचे पुतळे पहाऱ्याला उभे. त्यातल्या आर्थर राजाचा आराखडा चित्रकार ड्यूररचा आहे, हे कुजबुजल्यास शेजारच्यांवर छाप पडते. एका पुतळ्याच्या चिलखताचा नको तो भाग पर्यटकांच्या हातांनी घासून पिवळाधमक झाला आहे. तिकडे पाहावे, हात मागे बांधावेत. एवढ्या पहाऱ्यात समाधी मात्र रिकामी! सम्राट पुरला आहे दूर व्हीनर नॉयश्टाटला. १५१८ साली तो इन्सब्रुकला आला, तर जुनी उधारी थकली म्हणून सरायवाल्यांनी त्याच्या लवाजम्याला दारातूनच परतवले, असे सांगतात. पुढच्याच जानेवारीत तो वारला. हॉटेलवाल्याशी हुज्जत घालण्यापूर्वी हे आठवावे.

आता स्की. दोन तासांत स्की येत नाही, पण स्की करून आल्यासारखे दिसता येते. त्यासाठी फक्त बूट भाड्याने घ्यावेत. ते कडक प्लॅस्टिकचे असतात, चार बकले आवळली की घोटा वाकतच नाही आणि नडगी पुढच्या जिभेवर टेकते. टाच आधी टेकवत, दणदण आवाज करत चालावे. जिना उतरताना आडवे व्हावे. चेहऱ्यावर आपोआप येणाऱ्या वेदनेला लोक थकवा समजतात.

या बुटांसकट गावातूनच पहाडावर जाता येते. हुंगरबुर्गपर्यंतच्या रेल्वेची काचेची वळणदार स्टेशने वास्तुकार झाहा हदीद यांची. पुढे पाळण्याने १,९०५ मीटरवर झेग्रुबे आणि २,२५६ मीटरवर हाफेलेकार. तिथून खाली झेपावणारी घळ युरोपातल्या अतितीव्र उतारांत मोजली जाते. तिच्याकडे पाठ करून फोटो काढावा.

बर्गइझेल टेकडीवरची स्की-उडीची घसरगुंडीही हदीद यांचीच. वर उभ्या खेळाडूला समोर खाली गावातले कब्रस्तान दिसते. नियोजनात विनोदबुद्धी असावी ती अशी.

बर्फ नसला तर तक्रार करू नये. इथल्या १९६४च्या ऑलिंपिकलाही तो नव्हता. ऑस्ट्रियाच्या लष्कराने डोंगरावरून ट्रक भरभरून आणून पसरला. १९७६ची स्पर्धा डेन्व्हरच्या मतदारांनी खर्चाच्या धास्तीने नाकारली, तीही इन्सब्रुकनेच पार पाडली. दक्षिणेकडून फ्योन नावाचा उबदार वारा सुटला की इथले लोक डोकेदुखीचे आणि चिडचिडीचे खापर त्याच्यावर फोडतात. टूरवर नवरा-बायकोत खटका उडाल्यास ही सोय आपणही वापरावी.

उरलेला वेळ जवळच्या वाटेन्समधल्या स्फटिकांच्या दुकानाला द्यावा. टूरवाला तो तसाही घेईलच.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी ग्रुपला रामराम करून तिथेच मुक्काम ठोकावा, सकाळच्या पहिल्या गाडीने हाफेलेकार गाठावे आणि स्की शिकवणाऱ्याच्या हाती स्वतःला सोपवावे. त्यांना या मार्गदर्शनाचा काडीचाही उपयोग नाही.