डोळे मिचकवा, पोषण घ्या

आईला मोबाईलसमोर डोळे मिचकवता आले, तर लेकराला सरकारी आहाराचं पाकीट मिळणार. थट्टा नाही, नियम आहे. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराला, म्हणजे टीएचआरला, चेहरा पडताळणी सक्तीची झाली. सहा महिने ते तीन वर्षांचं मूल, गरोदर बाई, बाळंतीण यांच्यासाठीचा हा आहार. आधी आधार, मग ओटीपी, मग फोटो, मग पाकीट. भूक या यादीत शेवटून पहिली.

पाकीट वाटपाच्या दिवशी अंगणवाडीच्या दारात उभं राहून बघा. सेविका मोबाईल हातभर लांब धरते. समोर कडेवर पोर घेतलेली बाई. ‘ताई, पदर जरा मागं घ्या. इकडं बघा. आता डोळे मिचकवा. नाही, नाही, परत.’ पोर हात घालून मोबाईल ओढतं. ‘चेहरा जुळत नाही.’ उजेडात चला म्हणून सगळी वरात अंगणात येते. अंगणात उजेड आहे, रेंज नाही. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर दोन जिल्हे पलीकडे. ओटीपी फडात वाजतो, पाकीट अंगणवाडीत पडून राहतं. आई टोळीत गेली असेल तर आजी येते. पण आजीचा चेहरा नोंदीत नाही. नातू कडेवर आहे, रडतो आहे, चांगला ओळखू येतो आहे. त्याचा चेहरा कुणी मागतच नाही.

हे सगळं कशासाठी? तर बोगस लाभार्थी शोधण्यासाठी, गळती थांबवण्यासाठी. आता गळती कुठे होते हे महाराष्ट्राला नव्याने सांगायची गरज नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या टीएचआरच्या सुमारे ६,३०० कोटी रुपयांच्या निविदा रद्द केल्या. अटीच अशा होत्या की खऱ्या बचत गटांनी निविदेच्या दारातूनच परत जावं. त्या अटी लिहिणाऱ्यांपैकी कुणाला मोबाईलसमोर डोळे मिचकवायला लावल्याचं ऐकिवात नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण जुनी. आता फाशीआधी संन्याशाची ई-केवायसीही होते, एवढीच प्रगती.

बरं, पाकिटाचं एक वेळ सोडा. ती वस्तू आहे, हिशेब लागतोच. पण जनजागृतीचाही हिशेब मोबाईलवर ठेवायचा म्हटल्यावर जी मौज होते, तिला तोड नाही. पोषण अभियान सुरू झालं ८ मार्च २०१८ ला, राजस्थानातल्या झुंझुनूमधून. तेव्हापासून दर सप्टेंबरला पोषण महिना. प्रभातफेरी, पाककृती स्पर्धा, हात धुण्याचं प्रात्यक्षिक, रानभाज्यांचं प्रदर्शन, तिरंगा थाळीची रांगोळी. वाईट काहीच नाही. फक्त प्रत्येक गोष्टीची नोंद ‘जन आंदोलन’ नावाच्या डॅशबोर्डवर करायची: विषय कोणता, पुरुष किती, महिला किती, मुलं किती. आंदोलन लोक करतात अशी आपली समजूत होती. हे आंदोलन वरून येतं, संध्याकाळपर्यंत भरून पाठवायचं असतं, आणि देशभरच्या नोंदी कोटींत मोजल्या जातात.

कोटी होणारच. एका बॅनरपुढे त्याच सात बाया तीनदा उभ्या केल्या की तीन कार्यक्रम आणि एकवीस महिला. सकाळी रक्तक्षय, दुपारी पूरक आहार, चार वाजता स्वच्छता. बाई अकरा वाजता भाकरी टाकायला घरी गेली तरी आकड्यात दिवसभर बसलेली असते. तिने त्या दिवशी पालेभाजी खाल्ली का? डॅशबोर्डला त्यात रस नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण २०१५-१६ ला ४८ टक्के होतं, २०१९-२१ ला ५४.२ झालं. जागृती वाढली, रक्त घटलं.

हे सगळं भरायचं कुणी? सेविकेनेच. पोषण ट्रॅकर हे ॲप आलं १ मार्च २०२१ ला. त्याआधी दुसरं ॲप होतं, त्यासाठी मोबाईल दिले होते, ते दोन जीबी रॅमचे. नवं ॲप त्यात घातलं की मोबाईल गरम, आणि ॲपची भाषा तेव्हा इंग्रजी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले. सरकारला वाटलं, बायांना तंत्रज्ञान नको. बायांचं म्हणणं साधं होतं: चालणारं द्या आणि आपल्या भाषेत द्या. केंद्राने ठरवलेलं मानधन ४,५०० रुपये, ते २०१८ पासून तेवढंच. वर कामगिरी दाखवली तर ५०० रुपये प्रोत्साहन, आणि कामगिरी म्हणजे ॲपमध्ये दिसेल ती. कागदी घोडे नाचवायला निदान कागद सरकारचा असायचा. नेट पॅक संपला की सेविका आधी आपल्या पर्समध्ये हात घालते, पैसे मागाहून मिळाले तर मिळाले.

आता खरी गंमत. ट्रॅकरमधून बाहेर काय आलं?

२०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं खुजी, ३२.१ टक्के कमी वजनाची, आणि १९.३ टक्के रोडावलेली, म्हणजे उंचीच्या मानाने अंगावर मांस नसलेली. पोषण ट्रॅकरचे आकडे केंद्राचं मंत्रालय संसदेत देतं. २०२४ च्या आकड्यांत खुजी मुलं साधारण तेवढीच, किंबहुना काकणभर जास्त. कमी वजनाची मात्र सतरा टक्क्यांच्या आसपास, आणि रोडावलेली पाच-सहा टक्के! उंची अडून बसली आणि वजनाने झेप घेतली. खुलासा तयार असतो: ट्रॅकरमध्ये अंगणवाडीत नोंदलेली, मोजलेलीच मुलं येतात, आणि सर्वेक्षण जुनं आहे. खुलाशात तथ्य आहे, नाही असं नाही. पण मग खुजी मुलं का घटली नाहीत? तीही त्याच अंगणवाडीत, त्याच भिंतीला टेकून मोजली होती.

उत्तर अंगणवाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. मूल ‘सॅम’मध्ये, म्हणजे तीव्र कुपोषितांत दाखवलं की काम सुरू होतं. मुख्यसेविकेचा फोन येतो, ‘अहो, तुमच्याकडेच कसं?’ बैठकीत उभं करतात. ग्राम बालविकास केंद्राची कागदपत्रं, आरोग्य केंद्रात पाठपुरावा, आणि त्या मुलाच्या आईला पटवायचं ते वेगळंच. उलट वजनाच्या रकान्यात गेल्या महिन्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त भरले की स्क्रीनवर हिरवा रंग येतो आणि सगळे सुखी. काटा बिघडलेला असेल तर हे दोनशे ग्रॅम अधिकच सोयीचे. सेविकेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वाईट बातमी आणणाऱ्याला झापायची पद्धत वरूनच आलेली आहे.

मोजू नका असं कुणीच म्हणत नाही. राज्यात २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, तेव्हा सेविकेच्या हातात काटा, वृद्धिपत्रक आणि रजिस्टर एवढंच होतं. दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण २००५-०६ ला ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या राज्याच्या सर्वेक्षणात २३ टक्क्यांच्या आसपास आलं. एकट्या मिशनने हे केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण वजन घेतल्यावर पुढे काय करायचं, हा प्रश्न तेव्हा कुणीतरी विचारत होतं. त्यानंतर अभियान आलं, ॲप आलं, डॅशबोर्ड आला. महाराष्ट्रात रोडावलेली मुलं २०१५-१६ मध्ये २५.६ टक्के होती. २०१९-२१ मध्ये? २५.६. दशांशसुद्धा हलला नाही.

ट्रॅकरला सेविकेचं सगळं कळतं. अंगणवाडी किती वाजता उघडली, गृहभेट झाली का, फोटो टाकला का. मात्र आहाराची गाडी या महिन्यात किती दिवस उशिरा आली, पाकीट चवीला कसं होतं, ते पोराने खाल्लं की गोठ्यात गेलं, वजनकाटा दुरुस्तीला कधी दिला आणि परत कधी आला, मानधन कोणत्या तारखेला जमा झालं, या प्रश्नांचं उत्तर वरच्या अधिकाऱ्याने भरायचं, असा पडदा त्या ॲपमध्ये काही उघडत नाही. पाळत फक्त खालच्या दिशेने चालते. एकदा उलटी करून बघा. गाडी उशिरा आली तर पुरवठादाराचा चेहरा जुळवा. मानधन रखडलं तर मंत्रालयातल्या साहेबांना ओटीपी पाठवा, आणि नेट नसेल तर अंगणात उभं राहायला सांगा.

तोवर वाचकांनी एक करावं. आपल्या गल्लीतल्या, वाडीतल्या अंगणवाडीत जावं. सेविकेला कामाला लावू नये, तिच्याकडे ते भरपूर आहे. फक्त काटा चालू आहे का आणि आहार कोणत्या तारखेला आला, एवढं विचारावं, आणि जे उत्तर मिळेल ते ग्रामसभेत उभं राहून मोठ्याने सांगावं. इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावं. आणि जमलं तर हेही विचारावं, की एका मुलाच्या एका दिवसाच्या आहाराला २०१७ मध्ये ठरवलेला ८ रुपयांचा दर कोणत्या बाजारातला होता.